बादलीत गेलेलं हाड

डायनासोरचं एक हाड मी आमच्या न्हाणीतल्या निळ्या बादलीत ॲसिड ओतून विरघळवून टाकलं. हाड साडेसहा कोटी वर्षांहून जुनं होतं, आणि माझं नव्हतं.

कोणी म्हणेल, अहो पण तुम्ही सायन्सचे मास्तर ना? हो, आणि घोळ तिथेच आहे. सायन्सचा मास्तर नसलेल्या माणसाच्या हातून हे घडलंच नसतं. तेच हाड कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे ठेवलं असतं, तर त्याने ते गुळाच्या ढेपेशेजारी मांडलं असतं, चार गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवलं असतं आणि मागितल्यावर पुसून परत दिलं असतं. मला मात्र विज्ञान येत होतं. थोडंसं. एक हाड नाहीसं करायला पुरेल एवढं.

हे मी रागात लिहितो आहे, हे आधीच सांगून ठेवतो. राग कोणाकोणावर आहे ते पुढे येईलच. पहिला नंबर माझा आहे, पण मी एकटा नाही, आणि बाकीच्यांना मी फुकट सुटू देणार नाही.

हाड माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं. वर्ध्याला होस्टेलवर राहून आमच्या शाळेत शिकली, आता स्वतःच्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत बाई आहे. गाव हिंगणघाटच्या पल्याड, वेणा नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी. पंचवीस-तीस घरं, बहुतेक गोंडांची. गाव आणि नाला यांच्या मधोमध मुरमाचा एक लांबट उंचवटा आहे. गावातली शेवटची घरं त्या उंचवट्याला पाठ टेकूनच बसली आहेत. मुरूम म्हणजे रस्त्यावर अंथरायची ती भुसभुशीत तांबडी खडी. आमच्याकडे रस्ते सारखे होत असतात, त्यामुळे मुरूम सारखा लागतो. एका ठेकेदाराने गेल्या वर्षी उंचवट्याची अर्धी बाजू खणून नेली. त्या खोदाईत दोन घरांच्या मागच्या भिंतींना वरपासून खालपर्यंत तडे गेले. त्यातलं एक घर या पोरीच्या आईचं. आता ठेकेदाराला उरलेली बाजू पाहिजे होती.

गावाने अर्ज केला. तालुक्याच्या ऑफिसातून उत्तर आलं की घरांपासूनचं अंतर नियमात बसतं. तड्यांचे फोटो जोडले, तर तडे जुने असू शकतात असं उत्तर आलं. मग पावसाळा संपता संपता या पोरीची आई शेळ्या घेऊन नाल्यात उतरली असताना तिला काठावरून घसरून पडलेला एक जड, तपकिरी, हाडासारखा दगड मिळाला. ती बाई जन्मभर जंगलात कामाला गेलेली. तेंदूपत्ता, मोहफुलं, सरपण सगळं केलेली. दगड कसा असतो आणि हाड कसं असतं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने ते उचलून घरी आणलं. पोरीने फोटो काढून नागपूरच्या एका निवृत्त भूगर्भतज्ज्ञांना पाठवले. ते म्हणाले, डायनासोरच्या पायाच्या हाडाचा तुकडा दिसतो, पण फोटोवरून मी काही लिहून देत नसतो, हातात घेऊन बघेन, मग पत्र देईन. ते पत्र असलं की ती जागा कोणाला खोदता येणार नव्हती.

म्हणजे बघा. तिथे पंचवीस घरांत माणसं जेवतात, झोपतात, लेकरं वाढवतात, हे कारण ऑफिसला पुरेसं नव्हतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या एका जनावराने मात्र अर्ज केला, तर त्याच्यावर विचार होणार होता. त्या जनावराचा अर्ज म्हणजे ते हाड. आणि तो अर्ज पोरीने माझ्याकडे आणून दिला.

रविवारी ती आली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, घरच्या कापसात गुंडाळून, लेकराला आणावं तसं. तज्ज्ञ गुरुवारी रेल्वेने येणार होते आणि माझं घर वर्ध्यातच, पिपरी मेघेला, स्टेशनवरून ऑटोने सरळ. शुक्रवारी तालुक्याच्या ऑफिसात ठेकेदाराच्या परवानगीवर सुनावणी. तिच्या घरी ठेवावं तर ठेकेदाराचा माणूस दोनदा येऊन सहज विचारून गेला होता, काय म्हणे सापडलं तुमाले? म्हणून चार दिवस माझ्याकडे.

"सर, तुम्ही फक्त ठेवा," ती म्हणाली. "काही करू नका."

माझ्यासारख्या माणसाला काही करू नका म्हणणं म्हणजे काय, हे तिला कळायला हवं होतं. नववीत ती माझ्याच वर्गात होती.

ती गेल्यावर डबा उघडून पाहिला. हाड माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढं, पण जागोजागी चिरलेलं. नुसतं हातात घेतलं तरी खपल्या निघत होत्या. मला काळजी वाटली. खरी काळजी, ती नाकारू नका. घरात कपाटाच्या कामातून उरलेला सुताराचा पांढरा गोंद होता. तो पाण्यात पातळ केला आणि ब्रशने हाडावर दोन हात मारले. वाळल्यावर हाड कसं घट्ट, चकचकीत. कापसाचे काही तंतू चिकटून राहिले, ते मी काढत बसलो नाही. बायको म्हणाली, "ते दुसऱ्याचं हाये ना? मंग त्याले रंगवून काऊन राह्यले तुमी?" मी तिला संवर्धन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती ऐकत नव्हती, पण मी सांगितलं.

सोमवारी आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. एरवी त्या ग्रुपवर गुडघेदुखीचे उपाय आणि सूर्योदयाचे फोटो येतात. त्या दिवशी नेमकं विज्ञान आलं. परदेशात कुठेतरी संशोधकांनी डायनासोरच्या हाडाचा एक बारीकसा तुकडा सौम्य रसायनात ठेवला. दगड झालेला भाग हळूहळू सुटत गेला आणि मागे उरलं ते मऊ. ताणलं तर ताणलं जाणारं, सोडलं तर आखडणारं, फांद्या फुटलेल्या नळ्यांसारखं काहीतरी. रक्तवाहिन्या असाव्यात. एवढ्या कोटी वर्षांनी.

मी खुर्चीतून उठलोच.

कारण दरवर्षी नववीच्या वर्गात मी हाच प्रयोग करायचो. कोंबडीच्या तंगडीचं हाड व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवायचं. त्यातलं कॅल्शियम निघून जातं, राहतं ते रबरासारखं. मग ते वर्गासमोर वाकवायचं. एका वर्षी मी त्याला गाठ मारली होती आणि पोरांनी बाकं वाजवली होती. माझ्या अख्ख्या नोकरीत मला मिळालेली तेवढीच काय ती दाद. तेव्हा परदेशातल्या लोकांनी मोठं काय केलं? माझाच प्रयोग, कोंबडी जरा मोठी.

व्हिडिओच्या उत्तरार्धात काय होतं ते मला नंतर कळलं. त्यात सांगितलं होतं की तुकडा नखाएवढा घेतला, बाकी हाड जसंच्या तसं ठेवलं, काम आठवडेच्या आठवडे चाललं, हाताला मोजे, तोंडाला पट्टी. शिवाय भांडण अजून मिटलेलं नाही. काही जण म्हणतात की ते जनावराचं ऊतक नव्हेच, हाडाच्या पोकळ्यांत मागाहून वाढलेल्या जिवाणूंचा चिकट थर आहे. काही म्हणतात, रक्तातल्या लोखंडानेच तो मऊ भाग टिकवला. सगळं नीट, दोन्ही बाजूंनी सांगितलं होतं. मी अर्ध्यातच उठलो होतो.

मंगळवारी मी ठरवलं की फक्त एक कोपरा घ्यायचा. नखाएवढाच. पण गोंदाने घट्ट झालेल्या हाडाचा नखाएवढा कोपरा निघेना. मी हातोडी घेतली. हाडाचे दोन तुकडे झाले, एक मोठा, एक लहान. लहान म्हणजे नखाएवढा नव्हे, वाटीएवढा. आता तुटलाच आहे तर, असं म्हणून तो व्हिनेगरमध्ये टाकला. दोन तास झाले, नुसते चार बुडबुडे. धीर माझ्या स्वभावातच नाही. न्हाणीत फरशी धुवायचं ॲसिड होतं, ते पाणी घालून वापरलं. मग मात्र असं फसफसलं की बायको स्वयंपाकघरातून विचारू लागली, कुकर कोणी लावला?

संध्याकाळी तळाशी गाळ आणि गाळावर एक पापुद्रा. दुधट, ओला, बोटाच्या पेराएवढा. चिमट्याने उचलला. ताणला, तो ताणला गेला. सोडला, तो आखडला. उजेडाकडे धरून पाहिलं तर आत बारीक बारीक तंतू, वळणावळणाचे, एकमेकांत गुंतलेले.

आज आठवलं तरी चिमटा धरलेल्या त्या माणसाला धरून दोन ठेवून द्याव्यात असं वाटतं, पण त्या घटकेला तो माणूस अत्यंत सुखी होता. त्याने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या वर्ध्यात आज विज्ञानाने एक नवे पान उलगडले." नवे पान! मी शाळेच्या वार्षिक अंकातही असलं लिहीत नव्हतो.

उत्तरं आली. फुलं, जोडलेले हात. एका इंग्रजीच्या मास्तराने विचारलं, चिकनसारखं लागतं का? एकाने लिहिलं, हे सगळं आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं. आपल्या पूर्वजांना डायनासोरच्या रक्तवाहिन्या माहीत होत्या आणि तुला तुझ्या शाळेची पटसंख्या माहीत नव्हती, हे उत्तर मी टाइप केलं आणि पुसलं. आज वाटतं, पाठवायला पाहिजे होतं. तिसऱ्याने फोटो आपल्या वार्ताहर भाच्याला धाडला.

बुधवारी सकाळी भाचा दारात. वर्तमानपत्रासाठी बातमी करतो म्हणाला, आणि मोबाईलसाठी व्हिडिओ. पापुद्रा पाहून त्याचं समाधान झालं नाही. त्याला प्रयोग होताना पाहिजे होता, ते फसफसणं पाहिजे होतं.

"मोठा पीस आहे ना सर? तो टाका ना. लाइव्ह."

मी थांबलो होतो, हे मला सांगू द्या. तो मोबाईलची काच शर्टाला पुसत होता तेवढा वेळ थांबलो होतो. पोरीचा विचार आला होता. आला, आणि मी त्याची समजूत काढली. हाडापेक्षा मांस मोठा पुरावा, नाही का? तज्ज्ञ हाड बघायला येतील, मी त्यांच्या हातावर रक्तवाहिनी ठेवीन. मग तालुक्याची सुनावणी काय घेऊन बसलात, दिल्लीहून गाड्या येतील. त्या उंचवट्याभोवती तारेचं कुंपण पडेल, गावात पक्की घरं होतील, माझ्या नावाची पाटी लागेल. पाटीपर्यंत पोचलो तेव्हा हाड बादलीत होतं.

पोराने सुरेख व्हिडिओ काढला. बादलीतून वाफ, मागे मी, कमरेवर हात. बायको दारातून बघत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "अहो, त्या बादलीनं मी आंघोळ करते."

दुपारपर्यंत बादलीत लालसर गढूळ पाणी आणि आणखी काही पापुद्रे उरले. मी ते स्टीलच्या ताटलीत मांडले. सत्यनारायणाचा प्रसाद मांडावा तसे.

गुरुवारी वर्तमानपत्रात मथळा होता, "पिपरी मेघेत सापडले डायनासोरचे मांस". मांस! माझ्या तोंडून तो शब्द एकदाही निघाला नव्हता. ऊतक म्हटलं होतं, मऊ ऊतक. पण ऊतक या शब्दाने पेपर खपत नाही. सकाळपासून माणसं येऊ लागली. शेजारच्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावूनच विचारलं, वास येतो काय हो? कोणी म्हणालं, सोसायटीत असलं काही ठेवायच्या आधी विचारायला पाहिजे होतं. एका बाईंनी लांबूनच नमस्कार केला. कशाला, ते मला आजही कळलेलं नाही.

दहाच्या सुमारास ऑटो थांबला. पोरगी उतरली, मागून तज्ज्ञ. सडपातळ म्हातारा, पायात चपला, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. पोरीने पेपर बसमध्येच वाचला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्यामागच्या टेबलाकडे, डबा शोधत होती. डबा होता. रिकामा.

"हाड कुठे आहे?" तज्ज्ञांनी विचारलं.

मी ताटली पुढे केली.

"हे नव्हे. हाड."

मी त्यांना न्हाणीत नेलं आणि बादली दाखवली. ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं, भारावले. मग ते बाहेर आले, खुर्चीत बसले आणि ताटलीतला एक पापुद्रा भिंगाखाली धरला.

"हाडाला आधी काही लावलं होतं का तुम्ही?"

"हो तर," मी म्हणालो. छाती काढून म्हणालो. "खपल्या निघत होत्या म्हणून सुताराचा गोंद. पातळ करून, दोन हात."

"आणि ते कशात गुंडाळून आलं होतं?"

"कापसात," पोरगी म्हणाली. "घरच्या."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि पापुद्र्यातल्या एका तंतूवर बोट ठेवलं. मी पाहिलं. चपटा, पीळ पडलेला, पांढरा धागा. मग बायकोकडून त्यांनी वाटीभर गरम पाणी मागून घेतलं आणि पापुद्रा त्यात सोडला. बघता बघता तो पांढराफटक, बुळबुळीत झाला आणि कपाटाचं काम चालू होतं तेव्हा घरभर यायचा तो वास आला.

मी वर्धा जिल्ह्यात जन्मलो. माझ्या शाळेच्या खिडकीतून जिनिंग कारखान्याकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या दिसायच्या. मोसमात आमच्या डोक्यावर, पापण्यांवर, भाकरीवर कापसाचे तंतू असायचे. आणि मला कापूस ओळखू आला नाही. मी कापसाला डायनासोरची रक्तवाहिनी म्हटलं आणि सुताराच्या गोंदाला मांस. मी स्वतः चोपडलेली वस्तू मीच शोधून काढली आणि पेपरात छापून आणली. खरं ऊतक त्या हाडात होतं की नव्हतं, हे आता कोणालाच कळायचं नाही. असलंच तरी फरशीच्या ॲसिडाने त्याचं काही ठेवलं नसणार.

तज्ज्ञ रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी चहा घेतला. पोरीने विचारलं, सर, फोटो आहेत ना माझ्याकडे, त्यावरून पत्र देता येईल? ते म्हणाले, "बाई, मी जे पाहिलं तेच लिहू शकतो. मी एक बादली पाहिली." मग त्यांनी समजावलं की फोटोतलं हाड कुठल्या नाल्यातलं, हे आता कोणीही विचारेल, आणि आजच्या पेपरानंतर तर हटकून विचारेल. तिथेच दुसरा तुकडा मिळाला, काठाच्या थरात रुतलेला, तर हात न लावता फोन करा, मी त्याच दिवशी येतो.

हे शेवटचं सांगताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. हात न लावता हे शब्द कोणासाठी होते ते मला कळलं.

शुक्रवारी मी सुनावणीला गेलो. पोरीने बोलावलं नव्हतं. बायको म्हणाली, जाऊ नका, तिचं अजून काही उरलं असंन ते बी घालवाल. तरी गेलो. ऑफिसच्या बाकावर पोरगी, तिची आई आणि गावची चार माणसं. आईने मला पाहिलं आणि पोरीला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणाली? पोरगी म्हणाली, काही नाही सर. काही नाही म्हणायला ते वाक्य फार लांब होतं.

आत ठेकेदाराचा माणूस इस्त्रीच्या शर्टात बसलेला, मांडीवर घडी केलेला पेपर. त्याची पाळी आली तेव्हा त्याने युक्तिवाद केलाच नाही. पेपर उघडला आणि बातमी मोठ्याने वाचली. मथळ्यापासून शेवटपर्यंत, सावकाश. "डायनासोरचे मांस" म्हणताना तो थांबला आणि सुनावणी घेणाऱ्या साहेबांकडे बघून हसला. साहेब हसले, कारकून हसले, दारातला शिपाई हसला. पोरगी उभी होती, हातात तिचा अर्ज, तड्यांचे फोटो, हाडाचे फोटो. तिला कोणी हसत नव्हतं खरं म्हणजे. हसत होते ते मला. पण उभी ती होती.

मी उठलो. म्हणालो, साहेब, हाड खरं होतं, चूक माझी आहे. साहेब म्हणाले, "होतं ना?" मी सांगू लागलो की जीवाश्म कसा तयार होतो, तो थर कोणता, नागपुरापासून चंद्रपुरापर्यंत तशा खडकांत काय काय मिळालेलं आहे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, "तुम्ही शिक्षक ना? पुरावा जपायचा असतो, एवढं तर आम्हालाही ट्रेनिंगमध्ये शिकवतात."

आणि माझा संताप संताप झाला. ज्या माणसाला घरांच्या भिंतीतले तडे दिसत नाहीत, जो अंतर नियमात बसतं म्हणून सही करतो, तो मला पुरावा जपायला शिकवत होता, आणि तो बरोबर होता. चुकीच्या माणसाने चुकीच्या जागी बोललेलं बरोबर वाक्य. ते त्याच्या हातात मीच दिलेलं.

शेवटी आठ दिवस मिळाले. आठ दिवसांत तज्ज्ञाच्या पत्रासह पुरावा आणा, नाहीतर परवानगी देण्यात येईल.

बाहेर चहाच्या टपरीवर ठेकेदाराचा माणूस माझ्याजवळ आला. अदबीने. म्हणाला, "सर, चहा घ्या. तुमचे उपकार झाले आमच्यावर." चेष्टा करत नव्हता तो. खरंच आभारी होता. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. टपरीवाल्याने कप खाली ठेवून ऐकलं, एवढंच सांगतो. पण शिव्या देऊन झाल्यावरही त्याचं वाक्य तसंच उरलं. मी त्याचं काम केलं होतं, आणि तेही उत्साहाने.

पोरगी बसथांब्यावर माझ्याशेजारी येऊन उभी राहिली तेव्हा मी म्हणालो, बेटा, बोल काय बोलायचं ते. ती बसच्या दिशेला बघत म्हणाली, "नववीत तुम्ही लिहून दिलं होतं सर. नमुना कितीही लहान असो, अर्धा बाजूला ठेवा. माझ्या वहीत आहे अजून." त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज पहिल्या बसने तिच्या गावी जाऊ लागलो. शाळा सुटल्यावर ती यायची, तिची आई आणि गावच्या बाया सकाळपासूनच नाल्यात. पलीकडच्या काठावर ठेकेदाराने जेसीबी आणून उभा करून ठेवला होता. चालू नव्हता, नुसता उभा, तोंड आमच्याकडे करून. त्याच्या सावलीत ड्रायव्हर दिवसभर पत्ते पिसत बसायचा. मला ते यंत्र बघूनच डोक्यात तिडीक जायची, आणि त्या तिडिकीत मी काठ उकरत सुटायचो. पाच दिवसांत मी तीन हाडं शोधली. पहिलं कौलाचा तुकडा निघालं. दुसरं शेळीचा जबडा, बराचसा ताजा. तिसरं घेऊन मी धापा टाकत वर आलो, तर पोरीच्या आईने ते बोटांनी चाचपलं आणि नाल्यात भिरकावून दिलं. दगड होता.

सहाव्या दिवशी दुपारी नाल्याच्या वळणावरून हाक आली. आई तिथे बसली होती, अगदी स्वस्थ, काठी आडवी ठेवून. काठाच्या पांढरट टणक थरातून एक तपकिरी टोक बाहेर आलेलं. गोल, मधे जाळीदार, मुठीएवढं. तिने त्याला स्पर्श केला नव्हता. भोवतीची पानंसुद्धा झाडली नव्हती.

मी धावलो. धावता धावता खिशातून रुमाल काढला आणि पाण्याच्या बाटलीने ओला केला. टोकावर माती होती, ती पुसली की जाळी नीट दिसेल, एवढंच माझ्या मनात होतं. आईने बसल्या जागेवरून काठी उचलून माझ्या पोटाला आडवी लावली. जोरात नाही. बैलाला थांबवतात तशी.

पोरगी शाळेतून पळत आली. फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून, दुरून, जवळून, मागे घरं दिसतील असे. तज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, निघालोच, कार करून येतो, दोन तासांत. मग तिने कामं वाटली. एका बाईला तिथे छत्री धरायला बसवलं, ऊन लागू नये म्हणून. दोघींना काठावर उभं केलं, शेळ्या खाली उतरू नयेत म्हणून. सरपंचांना निरोप धाडला. मी हातातला ओला रुमाल पिळत उभा होतो.

"आणि मी?" मी विचारलं.

"सर, तुम्ही डांबरी रस्त्यावर जाऊन थांबा. नागपूरच्या साहेबांना फाटा दाखवायला."

फाटा तिथून दीड किलोमीटर. मी काही बोलायच्या आत तिची आई हाडावरची नजर न काढता म्हणाली, "तिकडंच ठेव त्याईले. रस्त्यावर विरघळवासारखं काई नाई."